दिसलेला खडा

"आधी खडे वेचायचे, मग पळायचं. आणि आपल्याला दिसलेला खडा दुसरीच्या पायाखाली जाऊ द्यायचा नाही."

खो-खो शिकवणाऱ्या जगदेवी मॅडमचा तो जुना आवाज कानात घेऊनच करिश्मा मैदानात वाकली. उजवा गुडघा दुमडत नव्हता. तो पाय काठीसारखा पुढं ताठ ठेवून ती डाव्या टाचेवर कशीबशी टेकली आणि मातीतला पहिला खडा उचलून तिनं ट्रॅकपँटच्या खिशात टाकला. मग दुसरा. हायवेवरून सोलापूरकडं जाणाऱ्या ट्रकांचा आवाज येत होता. कॉलेजच्या मागची ही जागा दोन वर्षांत बरीच आक्रसली होती. एका बाजूनं मोटारसायकली लावायचे पत्रे पार चुन्याच्या रेघेपर्यंत आले होते. खो-खोचे दोन खांब मात्र जागच्या जागी होते.

"आली बघा पगारी बाई!"

पोरी फाटकातून हसत आल्या. सगळ्यांत पुढं दैवशाला होती. तिनं चपला वाटेतच भिरकावल्या आणि अनवाणी पळत येऊन करिश्माच्या गळ्यात हात टाकले.

"अक्का, तिकडं पुण्यात मॅटवर खडे कोण वेचतं गं?"

"तिकडं खडे नसतात."

"मग सकाळी उठून करता काय?"

करिश्माला हसू आलं. तिकडं सकाळी उठून बूट घालायचे, आणि बुटाच्या नाड्या बांधताना तिकडचे प्रशिक्षक सोमेश सर आज कुणाला संघात घेतात आणि कुणाला बसवतात याचा अंदाज घ्यायचा. वर्गाचं तोंड तिनं दोन वर्षांत फारसं पाहिलं नव्हतं. तिचं नाव तिकडच्या कॉलेजच्या पटावर होतं, फोटो प्रवेशाच्या जाहिरातीवर होता. दर महिन्याला मानधन आबांच्या खात्यावर पडत होतं. त्याच मानधनातून आबांनी, म्हणजे गोरोबांनी, जळकोटात सिमेंटच्या दोन खोल्या बांधल्या होत्या आणि मेंढरं विकून टाकली होती. आता उन्हातान्हात कशाला हिंडायचं, लेक कमावतीय की, असं ते भेटेल त्याला सांगत.

पोरी मधल्या पाटीवर बसल्या. आठ चौकोनांतले तीन रिकामे राहिले. दैवशालानं जाऊन त्या तीन चौकोनांत चपलांचा एकेक जोड ठेवला.

"हे काय गं?"

"ही तुझी जागा. ही शिवप्रियाची, तीबी गेली न्हवं पुण्याकडं. अन् तिसरीचं लगीन झालं." दैवशाला खांबाशी गेली. "चपलांना खो द्यायचा न्हाय, पुढच्या पोरीला द्यायचा. लक्षात राहतं लगेच."

शिट्टी वाजली. दैवशाला सुटली ती बाणासारखी. खांबाजवळ तिनं अंग असं काही झोकून दिलं की पळणारी पोर ओरडलीच. तिचे पाय मातीत सरकले, धुळीची रेघ उठली, आणि ती पुन्हा उभी राहून पळायला लागलीसुद्धा. करिश्माचा हात आपोआप स्वतःच्या गुडघ्यावर गेला. माती पायाला सरकू देते. मॅट पाय धरून ठेवते. तिचं अंग वळलं होतं, पाय वळला नव्हता, आणि आत काहीतरी ओल्या दोरीसारखं तुटलं होतं. ते उपांत्य सामन्यात झालं. अंतिम सामन्याला तिला इंजेक्शन देऊन उतरवलं होतं. संघ जिंकला. त्यानंतर तिला जिना चढता-उतरताना भिंत धरावी लागायची.

सोमेश सर तसे वाईट माणूस नव्हते. तेच तिला डॉक्टरकडं घेऊन गेले. बाहेर आल्यावर पायरीवर बसून म्हणाले होते, "पुढच्या वर्षी संस्था तुझं नाव ठेवणार नाही, करिश्मा. न खेळणाऱ्याला मानधन देता येत नाही. पण तुमच्या गावाकडं ती खांबावर सूर मारणारी मुलगी आहे ना? तिला आण. मी वर शब्द टाकतो, तुझं ऑपरेशन संस्थेकडून करून घेऊ."

त्यासाठीच ती आली होती. घरी मात्र सुट्टीवर आलेय म्हणून सांगितलं होतं.

*

जगदेवी मॅडमचा सोमवारचा उपास होता. कॉलेजच्या कोपऱ्यातल्या त्यांच्या खोलीत जाळ्यांचा, चेंडूंचा आणि विभूतीचा वास एकत्र मिसळलेला होता. गळ्यातलं इष्टलिंग पदराखाली सारून त्या कानडीत म्हणाल्या, "बा, कुंद्रु," आणि ये, बस म्हणून खुर्ची पुढं सरकवली. दुसरी खुर्चीही त्यांनी न विचारता तिच्यासमोर ठेवली, पाय टाकायला.

करिश्मानं पाय वर ठेवला. मॅडमनी तिकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"बसमधून उतरलीस तेव्हाच दिसलं मला. कितपत आहे?"

"ऑपरेशन करायला पाहिजे म्हणतात."

"आणि ते कोण करणार?"

करिश्मानं खुर्चीवरचा पाय जरा सरकवला.

"सोमेशचा मला फोन आला होता," मॅडम म्हणाल्या. "दैवशालाबद्दल बोलला. तुझ्या पायाबद्दल बोलला नाही." त्यांनी स्वतःसाठी तांब्यातलं पाणी ओतून घेतलं. "पैसे देतात हे मला वाईट वाटत नाही, बाळ. आम्ही खेळलो तेव्हा पुरीभाजी मिळायची आणि एसटीचं भाडं. विद्यापीठाची ढाल आणली तर प्राचार्यांनी ती कपाटात ठेवली आणि आम्हाला धुणंभांड्याला घरी पाठवलं. पळणाऱ्याला काही मिळू नये असं कुठं आहे? फक्त..."

बाहेर कुणीतरी मोटारसायकल पत्र्याला घासून लावली.

"आपला खंडोबा नळदुर्गातून अणदूरला नेतात, बघितलंयस ना?"

"लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून."

"दोन्ही गावची माणसं समोरासमोर बसतात, करार करतात. देव नेला तर परत कधी आणायचा, हे त्यात असतंच. देवाच्या बाबतीतसुद्धा माणसं तोंडच्या शब्दावर भागवत नाहीत." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तुझ्या कागदात परतीचं काही होतं का गं?"

करिश्मानं मान हलवली. होतं की नव्हतं हेच तिला ठाऊक नव्हतं. आबांनी अंगठा उठवला होता, तिनं सही केली होती, आणि सोमेश सरांनी पेढे वाटले होते.

"मी तुला जा म्हणणार नाही, नको म्हणणार नाही," मॅडम म्हणाल्या. "दैवशालाची आई दुपारी धाब्यावर असते."

*

मथुराबाई धाब्याच्या मागच्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. पुढच्या बाजूला ट्रकवाले जेवत होते, आणि आतून पोऱ्या सारखा "अजून दोन!" म्हणून ओरडत होता. करिश्माला पाहून त्यांनी गोणपाट पुढं ढकललं.

"ये बाय. खाली बसवत न्हाय वाटतं? त्या डब्यावर बस. सर म्हणत व्हते, तू आमच्या दैवशालाला न्यायला आलीस."

म्हणजे सोमेश सरांनी इथंही फोन केला होता. काय बोलायचं ते करिश्मानं बसमध्ये घोकून ठेवलं होतं. राहायची सोय चांगली आहे, अंडी-दूध मिळतं, पुढं मोठ्या लीगमध्ये घेतात, टीव्हीवर दाखवतात. सगळं खरंच होतं. तरी तिनं ट्रॅकपँटचा पाय वर सारला आणि गुडघ्यावरचा पट्टा सोडायला लागली.

पट्टा निघाला. गुडघा नासक्या पपईसारखा फुगलेला, पिवळाजांभळा, आणि त्याच्या वरची मांडी वाळून सरपणाच्या लाकडासारखी झालेली.

मथुराबाईंनी बघितलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी ती उलटली, आणि पुन्हा बघितलं.

"किती दिस पळलीस?"

"दुसरं वर्ष संपत आलं होतं, मावशी."

"तवर पैसं येत व्हतं?"

"व्हय. न चुकता."

"तुमच्या खोल्या त्यातच झाल्या न्हवं?"

"व्हय."

मथुराबाईंनी पिठाचे हात तिच्यापुढं धरले. दोन्ही मनगटं सुजलेली होती. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होऊन तशीच राहिली होती.

"ह्या चुलीपुढं माझंबी गेलंच की. न्हाय पाठवली तर उद्या हितं माझ्या जागी तीच बसंल. तिचंबी जाईल." त्यांनी नवा उंडा परातीत टाकला. "तिकडं गेली तर निदान आधी पळंल तरी."

करिश्माला वाटलं होतं, पाय दाखवला की विषय संपेल. मावशी हाकलून देतील, शिव्या देतील, आणि मग आपण सोमेश सरांना सांगू, आई तयार नाही. ऑपरेशनचं पुढं काय व्हायचं ते होवो. तिनं पट्टा पुन्हा बांधायला घेतला. हूक लागेना.

"पर तू दाखवलंस," मथुराबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "तुझ्या येळंला कुणी असं दाखवलं न्हवतं. मला कागद वाचता येत न्हाय बाय. तू तिच्यासंगं जा. अक्षर न् अक्षर वाच. पोरीला लागलं तर तिला बरी करून माझ्या दारात आणून सोडतील, असं लिहून घे. घेशील?"

त्यांनी पीठ लागलेला हात पुढं केला. करिश्मानं त्यावर हात ठेवला.

"घेते, मावशी."

"शब्द?"

"शब्द."

आतून पोऱ्या ओरडला, "मावशी, भाकरी!"

"दम धर की मेल्या, जीव चाललाय का तुझा!" म्हणत मथुराबाईंनी पुढची भाकरी तव्यावर टाकली.

*

संध्याकाळी तिनं मैदानातल्या खांबाला टेकून फोन लावला. सोमेश सर खुश झाले. मग तिनं करारात घालायचं कलम सांगितलं, तसा त्यांचा आवाज बदलला.

"हे तुला कुणी शिकवलं? जगदेवी मॅडमनी?"

"मीच म्हणतेय, सर. लागलं तर उपचार संस्थेनं करायचे. इंजेक्शन देऊन उतरवायचं नाही. आणि बरी झाल्यावर घरी आणून सोडायचं. एवढं लिहा, दैवशाला उद्या निघते."

"एका मुलीला लिहून दिलं की उद्या सगळ्या मागतील."

"मग दुसरी शोधा, सर. अशी सूर मारणारी."

सर हसले, पण ते हसू लवकर संपलं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "ऐक. वर जाऊन मी एकदाच तोंड उघडू शकतो. तुझं ऑपरेशन मागू, की तिचं हे कलम? दोन्ही मागितलं तर दोन्ही जाईल. मी खरं सांगतोय तुला."

ते खरंच सांगत होते, हे तिला कळलं. तिन्ही सांजेच्या उजेडात मधल्या पाटीवर पोरी विसरून गेलेला एक चपलांचा जोड पडला होता. तिच्याच चौकोनातला.

"कलम मागा, सर," ती म्हणाली.

"घरी विचार एकदा."

"विचारलं," ती खोटंच म्हणाली. "आणि कलम कागदावर वाचल्याशिवाय दैवशालाची सही होणार नाही."

*

सकाळी जळकोटच्या फाट्यावर गोरोबा नवं धोतर नेसून लेकीला सोडायला आले होते. मेंढरं विकल्यापासून त्यांना हातांचं काय करावं कळत नसे; आत्ताही ते तिच्या पिशवीचा बंद सोडून पुन्हा बांधत होते. रात्री तिनं त्यांना पाय दाखवला होता. संस्था ऑपरेशन करणार, एवढंच सांगितलं होतं.

"दिवस ठरला का त्याचा?"

"जाऊन ठरवते, आबा."

"झालं की फोन कर. म्या येतो बघायला." त्यांनी कनवटीची पुडी काढली. "खंडोबाचा भंडारा हाय. लावा दोघीबी."

मथुराबाई आल्या नव्हत्या. चूल सोडून येता येत नाही, असा निरोप दैवशालानंच आणला होता, आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. ती नव्या कपड्यांत एका जागी उभी राहू शकत नव्हती. बूट पहिल्यांदाच घातले होते. सारखी खाली बघत होती.

एसटी वळणावर दिसली. करिश्मा पाय पुढं टाकून दगडावर बसली होती. तिनं चिमूटभर भंडारा घेतला आणि दैवशालाच्या एका गुडघ्याला लावला, मग दुसऱ्या. नव्या पँटवर दोन पिवळे ठिपके उमटले.

"अगं अक्का, कपाळ वर हाय!"

"माहीत हाय. चढ आधी."

"तू?"

"चढ म्हणते ना."

बस थांबली. कंडक्टरनं दार उघडून "चला, चला" केलं. करिश्मा थांब्याच्या खांबाचा आधार घेऊन उठली आणि तिनं दैवशालाच्या पाठीवर तळवा टेकला. दैवशाला खो मिळाल्यासारखी उसळून आत गेली. मग कालचे खडे खिशात तसेच घेऊन, डावा पाय पायरीवर ठेवून आणि उजवा मागून ओढत, करिश्मा चढली.