उन्नतीची यादी

"फॅन माणसासाठी असते वं! मशीनले कायले हवा घालून राहिली?" मी दारातूनच ओरडले.

नागपूरचा एप्रिल, दुपारची तीनची वेळ. धरमपेठेतल्या दवाखान्यात सकाळची ड्यूटी करून खामल्याच्या खोलीत शिरते, तर घरातला एकुलता एक टेबल फॅन उन्नतीने कॉम्प्युटरसमोर लावलेला. डब्याचं एका बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं. कूलर बंद, कारण दमट हवा मशीनला सोसत नाही म्हणे. आणि माझी सतरा वर्षांची पोर घामाने निथळत, ओढणी कमरेला खोचून, स्क्रीनमध्ये डोळे घालून बसलेली.

"थोडा गरम होऊन राहिला," ती म्हणाली. "तू हातपाय धू न, आई."

तेवढ्यात स्क्रीन फटकन काळी झाली. उन्नतीने ना कपाळाला हात लावला, ना तोंडातून शब्द काढला. पाच मिनिटं थांबली आणि पुन्हा बटण दाबलं. मला ते मुळीच आवडलं नाही. ती चिडली नाही, म्हणजे हे जुनं दुखणं होतं. बावीस वर्षं सिस्टर म्हणून काढली आहेत मी, एवढं तर कळतं.

"मामाले फोन लावते," मी म्हटलं.

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या सिंधूताईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं. "मामाले कायले त्रास देतं? मी करून घेईन."

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ, जितेंद्र. प्रताप नगरात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. हा कॉम्प्युटर त्यानेच जानेवारीत जोडून दिलेला. आणि उन्नतीजवळ उरले होते नऊ दिवस. एका डिझाइन कॉलेजला प्रवेशासाठी स्वतः केलेली दोन मिनिटांची फिल्म पाठवायची होती. तिने विषय घेतला होता तिच्या आजीचा. माझी आई तुळसाबाई जन्मभर उमरेडला हातमागावर बसली. त्या मागावरचा एकेक धागा उन्नतीला खराखुरा हलताना दाखवायचा होता. असं काम मोबाइलवर होत नाही, साध्या कॉम्प्युटरवरही होत नाही. म्हणून तर एवढा खटाटोप.

काय काय केलं होतं त्या पोरीने! सहा महिने एका वहीत यादी करत होती. आज एक पार्ट लिहायचा, उद्या खोडायचा. भाजीवालीपुढे मी घासाघीस करते तशी ती स्वतःशीच करायची. "आई, लाइटा नको. काचेचा डबा नको. रॅम एकच घेऊ, बाजूची जागा खाली ठेवू, पुढच्या साली दुसरी लावता येते. मॉनिटर जुना चालते, कीबोर्ड जुना चालते. पण तीन गोष्टी जुन्या नको म्हणजे नको." त्या तीन गोष्टींखाली तिने लाल पेनने रेघ मारली होती. सगळ्या डब्याला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय. चित्रं हलवणारं ग्राफिक्स कार्ड. आणि सगळं साठवून ठेवणारी डिस्क.

मी तिच्या बाबांच्या मागे उरलेली ठेव मोडली आणि यादी जितूच्या हातात दिली. आणखी कोणाकडे जाणार? बारावी नापास होऊन घरी बसला होता, तेव्हा मीच त्याला उमरेडहून इथे आणलं. चार वर्षं माझ्या खोलीत राहिला. हार्डवेअरच्या कोर्सला मीच घातला. आणि सहा वर्षांपूर्वी उन्नतीचे बाबा गेले तेव्हा हाच जितू तेरा दिवस दुकान बंद ठेवून माझ्या दारात बसला होता. खोटं कशाला बोलू? बसला होता.

आता माझी अक्कल ऐका. सिरिंजचं पाकीट पेशंटच्या डोळ्यांसमोर फाडायचं, सलाइनचं सील नातेवाइकाला दाखवून तोडायचं, हा माझा नेम. एकदा एका नव्या सिस्टरने उघडं पाकीट आणलं तर मी सगळ्या वॉर्डासमोर ते कचऱ्यात टाकलं होतं. तीच मी जितूच्या दुकानात गेले, तेव्हा सगळी खोकी टेबलावर उघडीच पडली होती. "टेस्ट करून घेतलं ताई, मंग झंझट नको," तो म्हणाला. उन्नती आत पाहायला वाकली, तर मीच तिचा दंड धरला. "मामाच्या हातावर डोळे ठेवतं काय वं? चाल बाहेर!" आणि आम्ही दोघी बाहेर बाकावर बसून मजेत उसाचा रस पीत राहिलो. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात पेढे वाटले. माझ्या भावाने बनवून दिला म्हणून.

आमच्या दवाखान्यातले कॉम्प्युटर भैयाजी सांभाळतात. साठीला आलेला, तंबाखूचा खर्रा चघळणारा, मोजकं बोलणारा माणूस. उन्नतीला न विचारता मी त्यांना रविवारी सकाळी घरी बोलावलं. त्यांनी मोबाइलची टॉर्च लावून डब्यात पाहिलं, मग स्क्रीनवर कसले तरी आकडे काढले.

"वंदना सिस्टर, नवा घेतला म्हणता न?"

"जानेवारीत. तीन महिने झाले."

"तीन महिने रातदिवस चालवला तरी दोन हजार तास होतात. हे डिस्क सहा हजार तास चालून राहिली." त्यांनी टॉर्च आत फिरवली. "पॉवर सप्लाय भी जुना. अन् हे पाहा. कार्डाच्या पंख्याचं पातं तुटलं. हवाच भेटत नाही त्याले, म्हणून गरम होते अन् बंद पडते."

मी भैयाजींकडे पाहत होते. मग उन्नतीकडे पाहिलं, तर ती डब्याकडे पाहत नव्हती, भैयाजींकडेही नाही. ती माझ्याकडे पाहत होती. डॉक्टर बाहेर येऊन बोलू लागतात ना, तेव्हा ज्या नातेवाइकाला आधीच सगळं ठाऊक असतं, तो डॉक्टरकडे पाहत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याच्याकडे पाहतो. किती वेळा बघितलंय मी ते वॉर्डात.

"तुले माहीत होतं," मी म्हटलं.

तिने मान हलवली.

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवशी. ते मोहितचं कार्ड आहे, आई. दिवाळीत त्यानं चालू पंख्यात पेन्सिल घातली होती, मी तिथंच होती. डिस्क भी त्याचीच. पुसली होती, पण तासाचा आकडा थोडी पुसते."

मोहित हा जितूचा मुलगा. तेरा वर्षांचा.

"अन् काहून नाही सांगितलं मले?"

"तू पेढे वाटून आली होती," ती ओढणीने डोळे पुसत म्हणाली. "आई, मामाच्या शिवाय आहे कोण आपल्याले? मले वाटलं, चालवून घेईन मी. थोडं थोडं करीन."

भैयाजी उठून ओट्याकडे गेले आणि उगाच नळाखाली हात धूत उभे राहिले. मला रडू नाही आलं. तळपायाची आग मस्तकात गेली. केसाने गळा कापतात म्हणतात, तो असा. आणि त्याहून मोठी लाज ही, की माझी पोर तीन महिने माझ्यासाठी घामात बसली होती आणि मी रोज घरी येऊन तिलाच विचारत होते, मामाला थँक्यू म्हटलं का म्हणून.

मी चपला घालू लागले, तशी उन्नती म्हणाली, "मोहितच्या कॉम्प्युटरमधून काही काढून नको आणू, आई. त्याले नसन माहीत."

प्रताप नगरात दुकानामागेच जितूचं घर. दार त्याच्या बायकोने, रीनाने उघडलं. माझं तोंड पाहून तिचं "या ताई, जेवूनच जा" अर्ध्यावर राहिलं. तिलाही माहीत होतं तर. मी काही बोलायच्या आत मोहितने धावत येऊन माझा हात धरला आणि आतल्या खोलीत ओढून नेलं.

"आत्या, पाह्य न! किती फास्ट झाला! बाबानं सगळं नवीन टाकून देलं, माझ्या बड्डेले!"

काचेचा डबा, त्यात निळ्या-जांभळ्या लाइटा. आणि आत ते कार्ड. त्यावरचं नाव मला पाठ होतं. सहा महिने रोज रात्रीच्या जेवणात वरणभाताबरोबर ऐकलं होतं मी ते नाव. दारात जितू येऊन उभा राहिला, खांद्यावर टॉवेल, नुकताच न्हालेला. पोराच्या डोक्यावरून त्याने मला मानेनेच खुणावलं. नको म्हणून.

तोंडाशी आलं होतं सगळं. पण पोर माझा हात धरून उभं होतं हो, काय करणार!

"छान आहे, बेटा," मी म्हटलं. "सांभाळून वापर. पंख्यात पेन्सिल नको घालू."

जितू समजला. मी दुकानात जाऊन उभी राहिले, तो मागोमाग आला. रविवार असल्यामुळे शटर अर्धं खाली होतं.

"ताई, मी सांगणारच होतो तुले."

"कधी गा?"

"अवं, तिचं शिकाऊ काम. जुन्यावर चालून जाते. अन् हा पोट्टा जीव खाऊन राहिला होता, वर्गातल्या सगळ्याइकडे आहे म्हणे..."

"तीन गोष्टी जुन्या नको, लाल रेघ मारून देली होती तिनं. त्याच तीन बदलल्या तू जितू? त्याच?"

"पण चालून तं राहिला न!" आता त्याचा आवाज चढला. आपली चूक असली की त्याचा आवाज चढतो, लहानपणापासून. "आता मले काय माहीत, ते पोट्टी खोलून पाहीन!"

बोलून गेला आणि टॉवेलने मान पुसू लागला. केल्याचं त्याला काही वाटत नव्हतं, झाकण उघडलं गेलं याचंच वाईट वाटत होतं. दुसऱ्या कोणाला त्याने असं केलं नसतं. गिऱ्हाईक खोकं उघडून पाहतं. बहीण पाहत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माझा भरवसाच त्याने विकून खाल्ला.

"थांब, मोहितचं काढून देतो आत्ताच," तो म्हणाला.

"हात लावू नको त्याले. माझ्या पोरीनं सांगितलं आहे, लेकराचं काढून आणू नको म्हणून."

"मंग नवीन मागवतो. आठ-दहा दिवसात येऊन जाईन."

"शुक्रवारी पाठवाची आहे फिल्म."

"मंग मी काय करू, सांग न ताई!"

"मोहितची मी आत्या आहे, अन् राहीन," मी म्हटलं. "तू मले ताई म्हणू नको आता." आणि वाकून शटरखालून बाहेर पडले. बाहेर ऊन असं की डोळे उघडेनात. तेव्हा मात्र रडले, भर रस्त्यात, ऑटोस्टँडपर्यंत. लोक पाहत होते. पाहू देत.

भैयाजींनी आपल्याजवळचा एक जुना पंखा तारेने कार्डाला बांधून दिला. चहाखेरीज काही घेतलं नाही. मशीन तासभर तग धरू लागली, त्याहून जास्त नाही. उन्नतीने दोन मिनिटांची फिल्म पन्नास सेकंदांची केली. तरी जमेना, तेव्हा आजीच्या मागावरचे निम्मे धागे काढून टाकले.

गुरुवारी तिने मला दाखवली. माझी आई मागावर बसलेली, अगदी तशीच, मान डावीकडे थोडी कललेली. मी तोंडाला पदर लावला.

"कापड विरळ दिसते वं," मी म्हटलं.

"हाओ," उन्नती म्हणाली. "पण चालते."

शुक्रवारी दुपारी पाठवली. निकाल जूनमध्ये आहे. जितूचे फोन येत असतात, मी उचलत नाही. एकदा रीना आंब्याची पेटी घेऊन आली, ती मी सिंधूताईंच्या नातवंडांना वाटली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कोणाला? वॉर्डात कोणी विचारलंच, भावाने दिलेला कॉम्प्युटर कसा चालतोय, तर मी म्हणते, चालतोय.

गेल्या आठवड्यात दवाखान्याच्या ऑफिसात गेले होते. तिथे उत्तरा बसते, दर मे महिन्यात स्टाफचे फॉर्म भरून घेते. नाव, पत्ता, रक्तगट, आणि शेवटी एक रकाना: काही कमीजास्त झाल्यास कोणाला कळवायचं. उन्नतीचे बाबा गेल्यापासून मी तिथे डोळे मिटून जितूचं नाव आणि नंबर लिहीत आले. या खेपेला उन्नतीचं लिहिलं.

"सिस्टर, हे तं सतरा वर्षाची आहे," उत्तरा म्हणाली. "मोठं माणूस लागते. तुमचे भाऊ आहेत न प्रताप नगरले? मागच्या फॉर्ममधून टाकून घेऊ त्यांचं?" आणि उत्तर यायच्या आत ती नंबर उतरवूही लागली.

मी फॉर्म तिच्या हातातून काढून घेतला. लिहिलेल्या चार आकड्यांवर रेघ मारली. मग पेन पुन्हा त्या रकान्यावर टेकवलं. मला काही झालं तर कोणाला कळवायचं? एवढ्या मोठ्या नागपुरात मला एक नाव आठवेना.

"राहू दे खाली," मी म्हटलं, रकाना रिकामाच ठेवून सही केली आणि वॉर्डात गेले. सात नंबरच्या आजींचं बीपी घ्यायचं राहिलं होतं.