निमुळत्या टोकाकडचं पिल्लू

आक्काच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि उबवायला ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्यांचा एकविसावा, पिल्लं बाहेर पडायचा दिवस नेमका एकाच आठवड्यात आला. डॉक्टरांनी ऐनवेळी तारीख अलीकडे ओढली, आणि अंड्यांना तर तारीख पुढे ढकला म्हणून सांगता येत नाही. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसरा आधीच धूसर, अशा अवस्थेत आक्का घरी आली आणि तिनं पहिला फोन लावला तो धाकट्या भावाला.

"दुकान बंद कर आणि ये. येताना तुझं ते डोळ्याला लावायचं भिंग आण, आणि बारीक चिमटे."

भाऊ घड्याळजी होता. दारापेक्षा जेमतेम रुंद अशा दुकानात बसून चाळीस वर्षं तो बंद पडलेली घड्याळं चालू करत आला होता. थांबलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. एकदा कुणाकडे चहाला गेला आणि कप निवेपर्यंत त्यांचं भिंतीवरचं घड्याळ उतरवून मांडीवर घेऊन बसला होता. कोंबड्यांविषयीचं त्याचं ज्ञान मात्र आम्लेटपाशी सुरू होऊन आम्लेटपाशीच संपत होतं.

आक्काच्या मागच्या खोलीत टेबलावर उबवणीची पेटी होती. पुढे काचेची खिडकी, आत एक छोटा दिवा, पाण्याची थाळी आणि अकरा अंडी. तो दुपारी पोचला तेव्हा त्यांतली सहा फुटली होती.

"हे बघ," आक्का खुर्चीत टेकत म्हणाली, "मला वाकायची बंदी आहे. डोळे तुझे, हात तुझे. पण मी सांगितल्याशिवाय हात हलवायचा नाही."

"पण अंड्याच्या आत पिल्लू श्वास कुठून घेतं?" त्यानं पिशवीही खाली ठेवली नव्हती.

"रुंद टोकाला हवेची पोकळी असते. तिथला पापुद्रा फोडून पहिला श्वास घेतं. मग चोचीवरच्या दाण्यानं कवच टोचतं."

"चोचीवर दाणा?"

त्यानं एक वाळलेलं पिल्लू ओंजळीत घेतलं आणि भिंग लावलं. चोचीच्या शेंड्यावर खरंच एक पांढरा, टोकदार ठिपका होता. साखरेच्या कणाएवढा.

"दोनचार दिवसांत गळून पडतो," आक्का म्हणाली. "एवढ्या एका कामापुरताच असतो."

तो बराच वेळ बघत राहिला. शेवटी पिल्लूच कंटाळून ओरडायला लागलं.

संध्याकाळच्या आत आणखी तीन फुटली. उरली दोन. त्यांतलं एक गप्प होतं, आणि आक्का म्हणाली की त्याच्यात काही राम नाही. दुसऱ्यातून मात्र बारीक चिवचिव येत होती. त्याला सकाळीच टवका पडला होता, पण भलत्या जागी, निमुळत्या टोकाकडे.

"उलटं बसलंय," आक्का म्हणाली. "डोकं रुंद टोकाला, हवेकडे असायला हवं, ते या टोकाला आहे."

"मग अडकलंय! काढू या ना."

"अडकलंय की थांबलंय, ते आधी कळायला हवं. या वेळेला पिल्लू बलक पोटात ओढून घेत असतं. पापुद्र्यातलं रक्त अंगात घेत असतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, नुसतं पडलंय."

घड्याळजीला हे काही केल्या पटेना. घड्याळ थांबलं म्हणजे थांबलं. थांबूनही काम करणारी वस्तू त्यानं आजवर पाहिली नव्हती.

डोळ्यात थेंब घालून आक्का जरा पडली. त्यानं दहा मिनिटं कशीबशी काढली. मग पेटी उघडली, अंडं उचललं आणि चिमट्यानं टवक्याच्या कडेचा एक कपचा काढला. काही झालं नाही. दुसरा काढला, तशी खालच्या ओल्या पापुद्र्यावर लाल थेंब उभा राहिला.

त्यानं चिमटा टेबलावर टाकला.

"आक्का."

तिनं त्याच्या आवाजावरूनच ओळखलं. "किती?"

"मोहरीएवढा."

"वाहतंय?"

"नाही. पण वाढतोय."

"कोरडा कापूस टेकव. दाबू नकोस, नुसता टेकव. थांबलं? आता पेटीत ठेव, झाकण लाव, आणि हात मांडीखाली घेऊन बस."

तो खरोखरच तसा बसला. साठीचा माणूस, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. आक्का रागावेल म्हणून तो वाट बघत होता. ती एवढंच म्हणाली, "पहिल्या वर्षी मी तीन मारली. मदत करून करून. चांगली जिवंत होती रे."

तो खुर्ची ओढून काचेपाशी गेला आणि भिंगातून टवक्याकडे बघायला लागला. चोच हळूच उघडत होती, मिटत होती.

"आक्का, हे काहीतरी चघळतंय."

"चघळतंय?" ती उठून बसली. "किती वेळानं? मोज की."

"तोंडात काहीच नाही, तरी चावतंय. मग थांबतंय. मग मोठी जांभई."

"जांभई देतं का?" तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "मला इतक्या जवळून कधी दिसलंच नाही. सांग, सांग पुढे."

जेवणाची वेळ होईपर्यंत तो सांगत राहिला आणि ती मधे मधे विचारत राहिली.

मुक्काम अर्थातच तिथंच पडला. सकाळी बघतो तर टवका होता तेवढाच, आणि चिवचिव पार क्षीण झालेली.

"पापुद्र्याचा रंग?" आक्कानं विचारलं.

"काल ओला होता, आरपार दिसत होता. आज कागदासारखा सुकलाय. चोचीला चिकटलाय."

"लाल रेघा?"

त्यानं अंडं उजेडाकडे धरून नीट पाहिलं. "काल जाळं होतं. आज एकही नाही."

"म्हणजे रक्त अंगात घेऊन झालंय, तरी बाहेर येत नाही. मग आता अडकलंय. पाणी कोमट कर."

कापसाची काडी बुडवून त्यानं पापुद्रा भिजवला, नाकपुड्यांत पाणी जाऊ न देता. मग कवचाचा एकेक कपचा सोडवत गेला. चार कपचे झाले की आक्का म्हणायची, "ठेव पेटीत," आणि दहा मिनिटं दोघं थांबायची. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला दुमडलेली मान सुटली आणि ओलं, चेपलेलं डोकं बाहेर लोंबलं.

"डोकं मोकळं झालं? बस. बाकीचं त्याचं त्याला करू दे."

या वेळी त्याला हात मांडीखाली घ्यावे लागले नाहीत. अर्ध्या तासानं पिल्लानं दोन लाथा मारल्या, कवच सरकलं आणि ते पेटीत पालथं पडलं. ओल्या चिंधीसारखं.

"बलक बाहेर राहिलाय?"

"नाही. बेंबी मिटलीय. पण उजव्या पायाची बोटं मुठीसारखी वळलीत."

मग बोटं सरळ करून पायाखाली चिकटवायला चिकटपट्टीची चपटी चप्पल कापणं आलं. ते काम त्यानं एका झटक्यात केलं. दोन दिवस पिल्लू एका पायात चप्पल घालून फटफट आवाज करत हिंडलं आणि बाकीची नऊ त्याच्यापासून लांब पळत राहिली. तिसऱ्या दिवशी पट्टी काढली. दोन बोटं सरळ झाली होती, तिसरं जरा तिरकंच राहिलं. चालायला त्याचं काही अडलं नाही.

दुकान उघडायला निघताना घड्याळजी दारात थबकला.

"पण ते उलटं बसलंच का?"

"काही वेळा बसतात."

"का पण?"

आक्का विचारात पडली. "अंडं निमुळतं टोक वर करून ठेवलं तर होतं, असं म्हणतात. पण मी अशी ठेवत नाही. निदान मला तरी तसं वाटतं."

"वाटतं म्हणजे? लिहून नाही ठेवत?"

"अंड्यांवर?"

"पेन्सिलीनं. कुठलं टोक वर, कधी फिरवलं, सगळं."

आक्का हसली. पुढच्या महिन्यात बारा अंडी ठेवायची होती. तो बूट काढून पुन्हा आत आला आणि तिला म्हणाला, "एक कागद दे बघू. आधी तक्ता आखू."