नव्वद मीटर खालची भांडी

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पाणबुडी नव्वद मीटर खोल तळावर बसली आणि वर येईना. आत चौतीस माणसं. उच्छ्वासाची हवा शोषणारी पूड संध्याकाळी सहापर्यंतच पुरेल, असं त्यांनी कळवलं.

दोन वाजता बचाव जहाजाने नव्या पुडीचे डबे देऊन खेकड्याला पाण्यात सोडलं. खेकडा म्हणजे केबलला बांधलेलं, बिनमाणसाचं यान. ते जहाजावरून चालवत होती एक तंत्रज्ञ. पाणबुडीतला आचारी तिचा सख्खा मोठा भाऊ.

पाण्याखालचे निरोप आवाजाच्या लहरींवर येत होते. दर दहा मिनिटांनी एक, फार तर साठ अक्षरांचा. त्यावरून अंतर कळायचं, दिशा नाही. जहाजापर्यंत येताना तो आवाज खडकांवर आपटून चहूबाजूंनी यायचा. पाणी इतकं गढूळ, की खेकड्याच्या कॅमेऱ्याला स्वतःचा पंजा दिसेना. पाणबुडीचा जागा दाखवणारा भोंगाही बंद पडलेला.

"खाली खुट्ट वाजत नाही, साहेब," खेकड्याच्या माइकचा हेडफोन कानाला लावून ती म्हणाली.

"पाणबुडीवाले ते. चमचा पडला तरी बोलणी खातात," जहाजाचे कप्तान म्हणाले.

तिने कळवलं : सतत आवाज करा. यान आवाजामागे येईल.

उत्तर : कधीचा करतोय.

कसला, असं विचारलं. दहा मिनिटं गेली. उत्तर : बोटांनी टकटक. हळूच.

कप्तानांनी कपाळाला हात लावला. "अहो, शत्रू नाही, आम्ही आहोत!"

"दादालाच सांगते. घरी भांडी घासायला बसला की अशी आपटतो, की वहिनीच म्हणते, उठा, मी घासते."

"अधिकाऱ्यांना सोडून थेट आचाऱ्याला?"

"साठ अक्षरांत मानपान कुठे बसवू, साहेब?"

निरोप गेला : दादा, आज भांडी तुझ्याकडे. तुझी छोटी.

चार अठ्ठावीसला तिच्या हेडफोनमध्ये ठण्ण झालं. मग खणखणाट सुरू झाला.

"मोठं पातेलं! तोच!" तिने खेकडा वळवला.

पाच एकवीसला जरा निवळलेल्या पाण्यात पाणबुडीचं झाकण चार मीटरवर दिसलं आणि खेकडा थबकला. केबल खडकात अडकली होती. ती सोडवायला तंत्रज्ञ खेकड्याला इंचाइंचाने मागे घेऊ लागली.

पाच एकतीसला खालून निरोप आला : सगळी झाली. पुन्हा पहिल्यापासून घासू?

"घास म्हणावं," कप्तान म्हणाले.

पाच चाळीसला केबल अडकलेलीच होती. खणखणाट चालू होता.