मागे फिरणारे पहारेकरी

"एकसष्ट," रादेकने वाचलं.

टेबलावर व्लास्ताने करून आणलेले पावाचे तुकडे मांडले होते. त्यांवर बटाट्याचं सॅलड, हॅमची गुंडाळी, अंड्याची चकती. गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी परीक्षणं छापण्यावरची बंदी उठते, तेव्हा काहीतरी खायला असावं, असा त्यांच्यात रिवाज होता. तोवर जगभरचे समीक्षक तोंडाला कुलूप लावून बसतात आणि मग सगळी कुलपं एकदम निघतात. ब्रनो शहरातल्या त्या जुन्या सूतगिरणीच्या वरच्या मजल्यावर कंपनीतली सगळी माणसं एकाच पडद्याभोवती उभी होती. तीन वर्षं खपून केलेल्या कामाला शंभरपैकी किती मिळतात, हे बघायला.

गेमचं नाव 'बर्फाखाली'. गुरूच्या एका चंद्रावर बर्फाच्या थराखाली खाण आहे, खाणीत बंड झालंय आणि बंदूक घेऊन एकटा माणूस आत शिरलाय. तो माणूस म्हणजे खेळणारा. पडद्यावर त्याचे फक्त हात आणि बंदूक दिसते. पांढऱ्या पोशाखातले पहारेकरी अंगावर येतात आणि त्यांना मारत तळापर्यंत पोचायचं. पहारेकऱ्यांनी कधी लपायचं, कधी पळायचं, कधी चालून यायचं, हे ठरवणं ओल्दाचं काम. त्याचं पूर्ण नाव ओल्द्रिख, पण ते आता फक्त बँकेत आणि दफनभूमीच्या कचेरीत वापरलं जायचं.

"पुढे वाच की," व्लास्ता म्हणाली. ती गेम खेळून चुका शोधायची आणि कंपनीत मालकाला, म्हणजे रादेकला, न घाबरणारी ती एकटीच होती.

"'देखावे अप्रतिम. बर्फाचा कडकडाट ऐकून घरात बसल्याबसल्या हुडहुडी भरते.' श्तेपान, हे तुझं." श्तेपान चित्रं काढायचा. त्याने मान हलवली. रादेकचा आवाज मात्र उतरला. "'पण शत्रूंना मेंदू दिलेला नाही. एकाला गोळी घाला, की दुसरा मध्येच बंदूक टाकतो, आपल्याकडे पाठ करतो आणि पडलेल्याला ओढत बसतो. का, ते त्यालाच माहीत. दोघांनाही निवांत टिपावं. बहुधा एखादी चूक दुरुस्त करायची राहून गेली.'"

दुसरं परीक्षण आलं, तिसरं आलं. एका जर्मन समीक्षकाने पहारेकऱ्यांना 'गुरूवरचे हमाल' म्हटलं होतं. मागून कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं निमित्त केलं. चौथ्या परीक्षणात अठ्ठावन्न गुण होते आणि तिथेही हमाल होतेच, फक्त शब्द वेगळा होता.

ओल्दाने एक पाव उचलला आणि उभ्याउभ्या खाल्ला. व्लास्ताने एवढं केलं होतं. कोणीतरी खायला हवं होतं.

पहारेकऱ्यांनी पडलेल्याला उचलावं, हे ओल्दाच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. ब्लांका, त्याची बायको, रुग्णवाहिकेवर परिचारिका होती. रविवारी तो घरी काम करत बसला की ती केस पुसत मागे येऊन उभी राहायची. गेममध्ये तिला काही रस नव्हता. एका रविवारी मात्र ती बराच वेळ हलली नाही.

"हे असेच पडून राहणार?"

"कोण?"

"हा दारातला."

"मेलाय तो."

"नाही मेला. पाय हलतोय बघ त्याचा."

"ती चूक आहे. काढायचीय मला."

"आणि त्याचे मित्र त्याला ओलांडून चाललेत! डोळे फुटलेत का त्यांचे?"

"अगं, त्यांना खेळणाऱ्याला मारायचंय."

"असेल. पण माणसं असं नाही करत, ओल्दा. मी रोज बघते ना. दारू पिऊन एकमेकांची डोकी फोडतात, आणि आम्ही पोचतो तेव्हा त्यांच्यातलाच एखादा दुसऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला असतो. शिव्या देतोय, पण बसलाय."

एवढं बोलून ती चहा करायला गेली. ओल्दा मात्र त्यानंतर कित्येक महिने त्याच्या मागे लागला. जखमी झालेल्याने सोबत्याला नावाने हाक मारायची. ती ऐकून जवळच्या पहारेकऱ्याने क्षणभर थांबायचं, बंदूक टाकायची आणि त्याला खांबाआड ओढून न्यायचं. खेळणाऱ्याने तेव्हा गोळी घालायची की नाही, ते त्याचं त्याने बघावं. हे चाललं होतं, तेव्हा ब्लांका स्वतः आजारी पडली होती. त्याने लॅपटॉप दवाखान्यात नेऊन तिला दाखवलं. ती म्हणाली, "काखेत हात घालून ओढायला लाव रे. असा कॉलर धरून ओढला तर मान मोडेल त्याची." त्याने ते बदललं.

समीक्षकांना पाठवायची डिस्क ज्या दिवशी निघायची होती, त्या दिवशी सकाळी तो तिच्याजवळ होता. तिला बोलायला त्रास होत होता. तिने हातानेच जा म्हटलं. संध्याकाळी येतो, असं सांगून तो निघाला. पहारेकऱ्यांचं काम डिस्कवर जाईल तरच समीक्षक ते बघतील, आणि तेवढं झालं की मग आपण मोकळे, असा त्याचा हिशेब होता. दुपारी तो शेवटची जोडाजोडी करत होता तेव्हा सासूचा फोन आला. "ओल्दा, ये." बस, एवढंच. कोट खुर्चीवर तसाच ठेवून तो पळाला. ट्राम मिळाली, पण दवाखान्यात पोचला तेव्हा पडदा ओढलेला होता.

त्या जोडाजोडीत हाकांचे आवाज तेवढे जोडायचे राहिले आणि डिस्क तशीच गेली. दुकानात गेलेल्या डिस्कवर ते होते, पण समीक्षकांकडे गेलेल्या डिस्कवर नव्हते. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की पडलेला गप्प पडलाय आणि दुसरा काही कारण नसताना बंदूक टाकून मागे फिरतोय.

परीक्षणांनंतर दोन दिवसांनी रादेकने त्याला जिन्यात गाठलं. रादेक सिगरेट सोडलेला माणूस होता, तरी बोलायचं असलं की जिन्यातच यायचा.

"लंडनहून फोन होता. प्रकाशकांचा."

"हं."

"पहिली दुरुस्ती लगेच पाठवा म्हणतायत. ती आली तर दोन मासिकं पुन्हा बघायला तयार आहेत. गुण वाढले तर दुसऱ्या गेमचं बोलू. नाहीतर..." त्याने खाली अंगणात बघितलं. "नाहीतर उन्हाळ्यात सगळ्यांना घरी पाठवावं लागेल मला. श्तेपानला आत्ताच मुलगी झालीय."

"काय दुरुस्त करायचंय?"

"ओल्दा, आता मला बोलायला लावू नकोस."

"उचलणं."

"उचलणं."

"आवाज नव्हते त्या डिस्कवर. आवाजासकट बघितलं तर कळतं. त्यांना सांग ना."

"सांगितलं. हसले. म्हणे, समीक्षकाला पत्र पाठवून समजवायचं का आता, की तुम्ही चुकीची डिस्क खेळलात? ती तर आपणच पाठवली होती."

"अर्धवट मीच ठेवली होती."

रादेक अंगणावरून नजर काढून त्याच्याकडे वळला. "मी कधी बोललोय तुला त्याबद्दल?"

"नाही."

"व्लास्ताने कधी काढलं तोंडातून?"

"नाही."

"मग. श्तेपानच्या टेबलाशेजारी तो नवा पोरगा बसतो ना, त्याला सांगतो मी. तू हातही लावू नकोस त्या कामाला. दोन दिवस घरी बस."

"नको. मीच करतो. त्याला सगळे धागे सापडायचे नाहीत. अर्धवट काढलं तर पहारेकरी मध्येच उभे राहतील नुसते."

रविवारी तो सासूकडे जेवायला गेला. मिलादा ब्रनोच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची, आणि मुलगी गेली तरी जावयाचा रविवार तिने मोडला नव्हता. साय घातलेली रश्शी आणि उकडलेल्या पिठाच्या गोळ्याचे काप. तिने त्याच्या ताटात दोन काप जास्त वाढले आणि समोर बसली.

"कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडून मासिक आणलं मी. तो म्हणाला, आजीबाई, तुम्ही कधीपासून खेळायला लागलात? म्हटलं, तू मासिक दे आणि गप्प बस."

"वाचलंत?"

"चष्मा लावून वाचलं. ब्लांकाची ती उचलायची गोष्ट त्यांना काही आवडलेली नाही."

"नाही."

"का रे?"

त्याने तिला आवाजांचं सांगितलं. कुठल्या दुपारी राहिले, तेही सांगितलं. ती दुपार कुठली, हे तिला सांगायची गरज नव्हती. त्या दुपारी तिचा फोन गेला होता.

मिलादाने काटा ताटात ठेवला. "म्हणजे त्यांच्या डिस्कवर पडलेला माणूस ओरडत नव्हता?"

"नाही. गप्प पडायचा."

"मग बरोबरच होतं की ते. तुला सांगितलं नाही तिने? अपघातात आधी ओरडणाऱ्याकडे जायचंच नाही म्हणे. ओरडतोय म्हणजे श्वास चाललाय. जो गप्प पडलाय, त्याच्याकडे आधी पळायचं."

ओल्दा ताटातला काप मोडत राहिला. ब्लांकाने त्याला हे सांगितलं असेलही. ती कामावरून आल्यावर बरंच सांगायची. तो पडद्याकडे बघत हं हं म्हणायचा.

"आई, मी ते काढून टाकणार आहे उद्या."

"काय?"

"ते उचलणं. काढलं नाही तर कंपनी बुडेल."

तिने रश्शीची वाटी त्याच्याकडे सरकवली. "तिने काय तुला नुसतं गेममध्येच उचलायला सांगितलं होतं?" मग आपणच जास्त बोललो असं तिला वाटलं असावं. "खा. गार होतंय."

जाताना दारात ती त्याचा कोट धरून उभी राहिली. "तू त्या दिवशी वेळेवर आला असतास तरी ती काही तुझ्याशी बोलली नसती, ओल्दा. झोपेतच होती ती. मी होते ना तिथे."

"आणखी थोडा वेळ बसलो असतो मी."

"हो," मिलादा म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "तेवढं मात्र खरं."

सोमवारी त्याने काढायला घेतलं. आपणच घातलेलं काढताना कुठे काय आहे हे माहीत असतं, त्यामुळे काम भराभर झालं. हाक ऐकून थांबणं काढलं. बंदूक टाकणं काढलं. काखेत हात घालून ओढणं काढताना त्याला थोडा वेळ लागला, कारण ते नंतर जोडलं होतं आणि दुसऱ्या कशात तरी अडकलेलं होतं. शेवटी तेही सुटलं. दुरुस्तीसोबत जाणाऱ्या टिपणात त्याने लिहिलं, 'शत्रू आता लढताना विनाकारण थांबत नाहीत.' मग 'विनाकारण' खोडलं. शब्द एकच गेला आणि वाक्य तरीही पुरं होतं.

व्लास्ता खुर्ची ओढून शेजारी बसली. "मी खेळून बघू?"

"आधी मी बघतो."

त्याने खाणीचा मोठा बोगदा उघडला. पहिल्या पहारेकऱ्याला गोळी घातली. तो पडला. दुसरा त्याला ओलांडून सरळ चालून आला, तिसरा बाजूने आला. ओल्दाला वळायला सवड मिळाली नाही. पूर्वी त्या बोगद्यात श्वास घ्यायला फुरसत असायची, ती आता नव्हती. गेम चांगला झाला होता. समीक्षक म्हणत होते ते खरंच होतं आणि हे कबूल करायला त्याला कोणी लावत नव्हतं, तरी त्याने ते केलं.

"अवघड झालं की रे," व्लास्ता हळूच म्हणाली. "गुण वाढतील."

"वाढतील."

तेवढ्यात त्याला गोळी लागली. एक, मग दुसरी. पडद्यावरचे हात खाली गेले आणि जमीन वर आली. खेळणारा मेला की नजर जमिनीवर, आडवी राहते. पुन्हा सुरू करायला कुठलंही एक बटण दाबलं की पुरे.

ओल्दाने दाबलं नाही. बर्फाच्या लादीवर कडेने पांढरे बूट येत होते. त्याच्या तोंडाजवळून एक जोडी गेली, मग दुसरी. पलीकडे पहिला पहारेकरी पडला होता आणि ते त्याच्याही वरून गेले.

व्लास्ताने त्याच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि बटणाकडे नेलेला हात परत मांडीवर ठेवला. बोगद्याच्या टोकापर्यंत बुटांचे आवाज ऐकू येत राहिले. ते दूर गेले, मग थांबले. दोघं तशीच बसून राहिली.