अडलेलं नाव

पदराच्या गाठीतलं हळकुंड बोटांना लागत होतं. मुसळाच्या घावानं ते एका बाजूला पिचलेलं होतं, आणि त्या पिचलेल्या जागी नख रुतवलं की धोंडाबाईला बरं वाटायचं... बरं म्हणजे काय, निदान समोरच्या बाकावरच्या रडतोंड्या बाईकडं सारखं बघावं लागत नव्हतं. काय ती बाई! तळेघराकडून आली म्हणे, अंधारात घर सोडून, एसटी गाठायला डोंगर उतरून, आणि एवढा आटापिटा कशासाठी — तर घोडेगावच्या दवाखान्यात येऊन पदरानं डोळे पुसायला. भात-नाचणीत जन्म गेलेली, टाचा बघितल्या तर कातळ परवडला, आणि हिला म्हणे माणसांत गेलं की जीव घाबरतो. त्या डोंगरात माणसं असतात तरी किती? चार घरं आणि बाकी धुकं. त्याला घाबरते.

धोंडाबाईचा जीव घाबरत नव्हता. तिला नुसतं धडधडायचं. यात फरक आहे, पण तो कळायला अक्कल लागते, आणि ती शिकलेल्या माणसांकडं नसते हे तिनं आयुष्यभर पाहिलं होतं. आळेफाट्याच्या डॉक्टरनं छातीला चिमटे लावून लांब पट्टी काढली, हार्ट खणखणीत आहे म्हणाला, ती जिंकल्यासारखी सुनेकडं बघते तोवर पुढं म्हणतो कसा, "आजी, हे मनाचं आहे." मनाचं! राजुरीत बागायत सांभाळली, गोठा सांभाळला, दारू प्यायलेल्या दिराला काठीनं वेशीपर्यंत पिटाळला, तेव्हा हे मन कुठं दडून बसलं होतं?

तरी आली ती. अट एकच घातली — जुन्नरला नेऊ नका. निम्मी राजुरी बाजाराच्या निमित्तानं जुन्नरला पडलेली असते. तालुका सोडून कुठंही न्या. म्हणून हे घोडेगाव, हे बाक, आणि शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसलेली सून, गाईसारखी. विचारलं तर बोलेल, नाहीतर भिंत.

आतली ती समुपदेशक का काय म्हणतात ती प्रतिभा, कानात इवलेसे डूल, नातीच्या वयाची, मागच्या खेपेला म्हणाली होती, "आजी, श्वास हळूहळू सोडायचा." म्हातारपणी ही मला श्वास घ्यायला शिकवणार. मग म्हणाली, "स्वतःबद्दल आवडणारी एक गोष्ट सांगा." धोंडाबाई हसली होती — "एकच? बाई, दुपार पुरायची न्हाई तुला." आणि तोंड उघडलं, तर... गायची मी. बोलवायचे मला. माझ्यावाचून कुठल्या लग्नाचा घाणा भरत नव्हता. सगळं व्हतं, व्हतं, व्हतं. आहे म्हणून सांगण्यासारखं जिभेवर काही येईना, तेव्हा तिनं त्या पोरीला पंख्याचा आवाज फार येतो म्हणून झापलं आणि ती बाहेर आली.

येत्या सोमवारी वृषालीचा घाणा. स्वतःच्या नातीचा. आणि गाणार कोण हे घरात कुणी विचारत नव्हतं. तिच्यासमोर विषय निघाला की सगळ्यांना एकदम कामं आठवत होती.

दादाभाऊच्या मोहितच्या लग्नात झालं ते. भावकीतलंच लग्न, दादाभाऊच्या अंगणात मांडव, पाच सवाष्णींनी हळकुंडं आणि आंब्याची पानं बांधलेली मुसळं धरलेली, पाटीत गहू-हळद, आणि धोंडाबाईचा आवाज — मुसळाच्या ठोक्यावर एकेका जोडप्याचं नाव गुंफत निघालेला. किती घाणे भरले असे, कुणाचं नाव कधी सुटलं नाही. सुटलं की त्या जोडप्याला बाधतं म्हणतात. गाण्यात दादाभाऊ आला, त्याची बायको आली, मग आपला लेक रामनाथ आला... आणि रामनाथची बायको? समोरच उभी होती ती, मुसळाला हात लावून, वर बघत. नाव नाही. ठोका पडला, पुन्हा पडला. तिला हाक मारायला नाव कधी लागलंच नव्हतं — अगं, ऐकलंस का, कुठं मेलीस — एवढ्यावर वीस-बावीस वर्षं घर चाललं होतं. तेव्हा पहिल्यांदा छातीत ते सुरू झालं, मुसळ आत पडल्यासारखं, आणि मागून भावकीतल्या बायडाबाईनं ते नाव अलगद उचललं, गाणं उचललं, पुढं नेलं. बायका हसल्या. सून हसली नव्हती. मुसळावरून सुटून पडलेलं हळकुंड तेवढं धोंडाबाईनं उचललं होतं... सांडलेले दाणे गोळा करणाऱ्या भिकारणीसारखं.

दार उघडलं. डोळ्यांपर्यंत पदर ओढलेली एक बाई आतून बाहेर आली. आणखी एक रडकी, असं धोंडाबाईच्या मनात येतंय तोवर तिनं चाल ओळखली. डाव्या पायावर झुकणारी ही चाल राजुरीत एकीचीच.

"आक्का?" बायडाबाईचा पदर खाली आला. "तुमी हितं?"

छातीत मुसळ पडलं. पण जीभ अजून शाबूत होती. "मला कशाला यावं लागतंय! सुनेला आणलीय. हिला धडधडतं."

बोलून झालं. आता ही भिंत तोंड उघडणार, नाही काकी, आत्याबाईंनाच होतं म्हणणार, आणि संध्याकाळच्या आत राजुरीभर...

"हो काकी," सून म्हणाली. पिशवीचा बंद तिनं बोटाला गुंडाळला. "छातीत दडपण येतं. झोप लागत नाही."

"आगं नूतन, तुला बी?" बायडाबाई बाकावर बसलीच. "मला वाटलं मी एकलीच येडी. मोहितच्या घाण्यात आक्कांच्या तोंडचं गाणं घेतलं न् तवापास्नं सगळ्या मलाच बोलवत्यात. आदल्या राती घशाला कोरड. एखादं नाव सुटलं तर? जुन्नरला जायची लाज वाटती, म्हणून हितं येते." मग धोंडाबाईकडं न बघता, "सोमवारी तुमीच गावा, आक्का. माझ्यानं न्हाई व्हायचं."

किती दिवस वाट पाहिली होती या वाक्याची! रात्री जागून तिनं मनातल्या मनात बायडीला कितीदा अशी रडवली होती. आणि आता ती खरोखर समोर बसून नाक पुसत होती, तर चव नाही. उकडून गेलेल्या शेंगेसारखं.

"बघू," एवढंच ती म्हणाली. "नाक पूस आधी नीट. शेंबूड राहिलाय."

बायडाबाई हसली, डोळे कोरडे केले आणि लंगडत गेली. बाकावर दोघीच उरल्या... आणि ती तळेघरची. धोंडाबाईनं सुनेकडं तिरकं पाहिलं. बंद बोटाला इतका आवळलेला की बोट पांढरं पडलं होतं. खोटं बोलली? माझ्यासाठी? इतकं सफाईनं, एका दमात... की खोटं नव्हतंच? पहाटे चूल पेटायच्या आधी हिचे डोळे उघडेच असायचे. मला वाटायचं, कामाची आहे.

"धोंडाबाई आजी, या." आतून प्रतिभाची हाक.

ती उठली. सून बसूनच राहिली. ती नेहमी बाहेरच बसे. दाराशी पोचून धोंडाबाई थांबली. हिलाही आत घ्यावं. का, ते कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या गोष्टी करणाऱ्या बायकांचा तिला मनापासून तिटकारा होता. पण अगं म्हणून हाक मारायला जीभ उचलेना. नाव तर आत्ताच बायडीनं घेतलं होतं, कानात अजून ओलं होतं, ओठांपर्यंत आलंही... आणि छातीत ठोका पडला, पुन्हा पडला.

सुनेनं मान वर केली. मांडवात बघितलं होतं तसंच बघत राहिली. या वेळी मागून उचलायला कुणी नव्हतं, आणि ती स्वतःही मदतीला येत नव्हती. नुसती वाट बघत होती. मेली. किती धीर आहे हिच्यात... धोंडाबाई तोंड अर्धवट उघडं ठेवून, गाठीतलं हळकुंड मुठीत दाबून, दारात उभी राहिली — आणि श्वास, कुणी शिकवला नसल्यासारखा, हळूहळू सोडू लागली.