तेल बदलायला आलेला जावई

"तो नट उलटा फिरवतोयस तू," व्हर्ना म्हणाली.

"खालून बघितलं की उलटं तेच सुलटं असतं, व्हर्ना," गाडीखालून दार्कोचा आवाज आला.

"असेल बाई."

गाडीची पुढची चाकं त्याने दोन लोखंडी उतारांवर चढवली होती आणि स्वतः उताणा होऊन खाली शिरला होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे बूट. व्हर्नाने आपली घडीची खुर्ची शेडच्या दारातून उचलून पार गाडीच्या चाकाशी आणली. आता त्याचे दोन्ही हात दिसत होते. हात दिसले म्हणजे बरं.

लग्नाच्या एकोणीस वर्षांत हा माणूस तिच्या मुलीशिवाय, लीॲनशिवाय, एकटा कधी मूंटाला, तिच्या गावी, आला नव्हता. फोनवर सासूशी बोलायचं म्हणजे पाऊसपाणी आणि फुटबॉल, तिसरा विषय नाही. आणि मंगळवारी अचानक त्याने विचारलं, "व्हर्ना, तुमच्या गाडीच्या गिअरचं तेल शेवटचं कधी बदललं?" नवरा, लॉइड, जाऊन सहा वर्षं झाली होती, तोच बघायचा ते सगळं. "मग रविवारी मी येतो," दार्को म्हणाला आणि ॲडलेडहून खरंच दोन तास गाडी हाकत आला. शिवाय येताना बेकरीतून गरम पेस्टी, मांस-भाजी भरलेली मोठी करंजीच, घेऊन. तिच्या आवडीची, सलगम घातलेली. ती पेस्टी बघूनच व्हर्नाला संशय आला.

शेजारच्या ग्लेनिसने तर आदल्या दिवशीच कुंपणावरून सांगून ठेवलं होतं. "माझ्या भावाचं काय झालं, आठवतं ना? पोरगा म्हणाला, डॅड, गाडीचे ब्रेक दाखवून आणतो. ती गाडी गेली ती गेलीच. म्हातारा अजून बागेत बसून फाटकाकडे बघतो."

"माझ्या गाडीला कुणी हात लावून बघू दे," व्हर्ना म्हणाली होती.

आणि आता हात लावणारा तिच्या डोळ्यांदेखत हात लावत होता.

नट निघाला. खालच्या पसरट डब्यात तेलाची धार पडायला लागली. व्हर्नाने वाकून बघितलं. हे तेल लाल असतं, एवढं तिला ठाऊक होतं. लॉइड बदलायचा तेव्हा चेरीच्या सरबतासारखं दिसायचं. हे मात्र कोऱ्या चहासारखं काळपट होतं आणि करपलेल्या टोस्टचा वास मारत होतं.

दार्को सरपटत बाहेर आला. त्याने दोन बोटं तेलात बुडवली, चोळली, हुंगली. मग परत हुंगली.

"काय झालं?"

"मागे ट्रेलर वगैरे ओढता का तुम्ही?"

"कशाला? मी काय बोट घेतलीय?"

"चढाचा रस्ता?"

"इथे? मूंटात? दार्को, इथे चढ म्हणजे पोस्टाच्या पायऱ्या."

तो हसला नाही. फडक्याला हात पुसत राहिला. मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "ही ऑटोमॅटिक गाडी, क्लच नाही, तरी दोन्ही पायांनी चालवता का? म्हणजे ब्रेकवर डावा पाय ठेवून? मग ब्रेक आणि ॲक्सिलरेटर कधीकधी एकदमच दाबले जातात. तेल असं जळतं त्याने."

"तीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी," व्हर्ना म्हणाली. "गव्हाच्या शेतांमधून. धुळीतून. मागे चाळीस पोरं बोंबलत असताना. मला विचारतोस कुठल्या पायाने चालवता?"

"तसं नाही..."

"एकाच. उजव्या."

"बरं," दार्को म्हणाला आणि पुन्हा खाली गेला.

व्हर्ना खुर्चीत मागे टेकली. उजव्या पावलातली जाणीव गेल्या हिवाळ्यापासून कमी कमी होत गेली होती. आधी बोटं, मग तळवा. रक्तातल्या वाढलेल्या साखरेने असं होतं, असं नर्स म्हणाली होती. लीॲनला मात्र तिने फक्त 'पाय जरा जड वाटतो' एवढंच सांगितलं होतं. मग एक दिवस दुकानासमोर ब्रेक सापडेना, तेव्हापासून ब्रेकवर डावा पाय. कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण हे तेल गाडीच्या पोटात बसून सगळं बघत होतं आणि आज जावयाच्या बोटांना सांगून मोकळं झालं होतं.

म्हणजे हेच शोधायला आला होता हा.

दार्कोने नट घट्ट केला, गाडी मागे घेऊन सपाट जागेवर आणली, बॉनेट उघडलं आणि तेल मोजायची पट्टी काढून त्याच नळीत लांब नरसाळं बसवलं. नवं लाल तेल तो सावकाश, आईने बाळाला पाजावं तसं ओतत होता. मध्येच म्हणाला, "माझे वडील अंगणातच करायचे हे सगळं. गॅरेजवाल्यावर त्यांचा विश्वासच नव्हता."

"शहाणे होते," व्हर्ना म्हणाली.

तेल ओतून झालं. "आता तुम्ही बसा आत," तो म्हणाला. "इंजिन चालू करून सगळ्या गिअरमधून फिरवायचं, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं. मी इथून पट्टीवर बघतो. ब्रेक दाबून ठेवा आणि हँडब्रेक ओढा."

अच्छा. म्हणजे पाय बघायचेत. व्हर्ना उठली, ताठ चालत गेली आणि बसली. हँडब्रेक तिने ओढला नाही. तिला हँडब्रेक शिकवणारा अजून जन्मायचा होता. डावा पाय मुद्दाम सीटखाली मागे घेतला. मग खाली वाकून, डोळ्यांनी बघत, उजवा पाय ब्रेकवर नेमका ठेवला.

"रिव्हर्स," दार्को ओरडला. तो बॉनेटपुढे, गाडी आणि शेडच्या पत्र्याच्या मधे वाकून उभा होता.

गाडी जागची हलली नाही. बघ म्हणावं. तिने मान वर केली, उघड्या बॉनेटच्या कडेने दिसणाऱ्या त्याच्या चेहऱ्याकडे रोखून बघितलं.

"न्यूट्रल... आता ड्राइव्ह."

गाडी किंचित पुढे सरकली. म्हणून तिने ब्रेक आणखी दाबला.

गाडीने उसळी मारली. बॉनेटच्या झाकणाआड दार्को दिसेनासा झाला, पत्र्याचा मोठा आवाज झाला. तिने डावा पाय पुढे मारला तेव्हा गाडी थांबली. इंजिन गुरगुरत होतं. खाली बघितलं तर तिचा उजवा बूट ॲक्सिलरेटरवर होता, शांतपणे, जणू दुसऱ्याच कुणाचा.

"दार्को!" ती किंचाळली. "दार्को!"

"आहे," बाजूने आवाज आला. "आहे मी. बंद करा. गाडी बंद करा आधी."

तो गुलाबाच्या वाफ्यात पडला होता. कोपर सोललं होतं, चेहरा पांढराफटक. शेडच्या पत्र्याला पोचा आला होता, नरसाळं चेपून सपाट झालं होतं. व्हर्ना दाराला धरून उतरली, पण तिला पुढे जाववेना.

"पाय घसरला," ती म्हणाली.

"हो."

"घसरला नाही," मग ती म्हणाली. "तो मला कळतच नाही, कुठे असतो ते."

दार्को उठून गाडीला टेकून उभा राहिला. बराच वेळ कोपरावरची माती झटकत होता. "लीॲन म्हणाली होती, चावी घेऊनच ये. मी म्हटलं, आधी तेल बदलतो. बघतो."

"म्हणजे माझा संशय खराच होता."

"खरा होता."

खरा ठरल्याचा तिला काही आनंद झाला नाही. दार्को खाली बघत म्हणाला, "मी तिला काही सांगणार नाही. तुम्हीच ठरवा."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. एकोणीस वर्षांत बहुधा पहिल्यांदा. या माणसाच्या पोटात काय आहे ते शोधायची सवय झालेली होती तिला. आता तिथे लपवलेलं काही सापडलं नाही.

"बसमधल्या पोरांचे आईबाप मला काही विचारायचेसुद्धा नाहीत," ती म्हणाली. "सकाळी फाटकाशी पोर उभं करायचे आणि आत जायचे. परत बघायचेसुद्धा नाहीत." मग नाक पुसून विचारलं, "हे तेल अजून बघायचं असेल ना?"

"गरम झाल्यावर एकदा. थोडी चालवून आणायला हवी."

"मग चालव."

ती पुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेली. त्या सीटवर तिची हॅट होती, एक छत्री होती, रिकाम्या अंड्यांचे दोन ट्रे होते. सगळं मागे टाकून ती बसली. पट्टा किती घट्ट होता. कुणी मोठं माणूस बसलंच नव्हतं तिथे.

वॉलरूच्या रस्त्याला लागल्यावर गिअर लोण्यासारखे पडायला लागले. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं होती. समोरून एक पिकअप आली. चालवणाऱ्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. दार्को सरळ रस्त्याकडे बघत राहिला.

"बोट उचल की," व्हर्ना म्हणाली.

"कोण होता तो?"

"कुणी का असेना. इथे उचलतात."

पुढच्या गाडीला दार्कोने अख्खा हात हलवला.

"एवढा नको रे. निवडणुकीला उभा आहेस का? एक बोट. स्टिअरिंग सोडायचं नाही."

वळणापलीकडून गव्हाचा ट्रक आला. आत ट्रेव्हर होता. सात वर्षं तिच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून गाणी म्हणायचा. त्याने तिची गाडी लांबूनच ओळखली आणि बोट वर केलं. दार्कोनेही केलं, अगदी बरोबर. ट्रेव्हरने हसून मान हलवली, चालवणाऱ्याकडे बघून, आणि ट्रक निघून गेला.

"जमलं," व्हर्ना म्हणाली. आपला उचललेला हात तिने परत मांडीवर ठेवला.