सातुर्निनाची हॅट

"शाळेच्या कार्यक्रमाला हव्यात का नाचाच्या मिरवणुकीला?" खोट्या वेण्या विकणाऱ्या बाईने विचारलं.

"घालायला हव्यात," ग्लाडिस म्हणाली.

"अहो सेन्योरिता, घालायलाच असतात त्या. कशासाठी, ते विचारतेय. नाचायचं असेल तर जाड देते, नुसतं मिरवायचं तर या बारीक बऱ्या."

ग्लाडिसने वर पाहिलं. टपरीच्या दांडीवर काळ्याभोर वेण्या लसणाच्या माळांसारख्या लटकत होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला लोकरीचे गोंडे होते. तिचे स्वतःचे केस कानापर्यंतच. शाळेच्या ऑफिसात सेक्रेटरी म्हणून लागली तेव्हा कापले, ते परत कधी वाढवले नाहीत. बाईने तिच्या काळ्या कपड्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कोण गेलं?"

"आई. उद्या वर्ष होतंय."

"पोयेरावाली होती?"

"हो."

"आणि लेक स्कर्टवाली," असं म्हणत बाईने मधल्या जाडीच्या वेण्या काढून कागदात गुंडाळल्या. त्यात टोमणा नव्हता. ला पाझमध्ये बायका दोनच प्रकारच्या, एवढंच तिने बोलून दाखवलं होतं.

एक पोयेरावाली, म्हणजे ढीगभर चुण्यांचा घागरा, खांद्यावर झालरीची शाल, दोन लांब वेण्या आणि डोक्याच्या अगदी टोकावर टेकलेली छोटी गोल हॅट. दुसरी स्कर्टवाली, म्हणजे बाकीच्या सगळ्या. ग्लाडिस लहान होती तेव्हा पोयेरावालीला चांगल्या हॉटेलात बसू देत नसत, आणि ऑफिसात गेली तर शिपाईसुद्धा तिला 'ए' म्हणायचा. म्हणून तर आयांनी आपापल्या मुलींना स्कर्ट घातले. आता वारं फिरलं होतं. कॉलेजातल्या मुली पोयेरा घालून फॅशन शोमध्ये चालत होत्या, लग्नांत मिरवत होत्या, आणि हॅटची तऱ्हा तर दर वर्षी बदलत होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. ग्लाडिसची हौस मात्र वेगळी होती, आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती.

तिची आई सातुर्निना बाजारात कांदे विकायची. ती गेल्यापासून तिच्या रांगेत माल घेऊन बसणाऱ्या बायका रीतीप्रमाणे येत राहिल्या: नवव्या दिवशी, मग पितरांच्या सणाला, मग सहा महिन्यांनी. उद्या वर्ष भरणार. त्या दिवशी जवळच्या बायका दुखवट्यातल्या माणसाच्या अंगावरचे काळे कपडे उतरवतात, त्याला रंगीत कपडे चढवतात आणि नाचायला लावतात. मग झालं. उद्यानंतर ग्लाडिसच्या दारात यायला कोणाला काही कारण उरणार नव्हतं. लग्न केलं नव्हतं, भावंडं नव्हती, शाळेतले लोक शाळेपुरते. तिला काही आईच्या जागेवर बसून कांदे विकायचे नव्हते. जाता-येता रांगेतून कोणी "ये गं सातुर्निनाच्या पोरी, टेक जरा" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून तिने आईच्या शेजारी बसणाऱ्या बटाटेवाल्या दोन्या बासिलियाला, म्हणजे बासिलियाबाईंना, घाबरत घाबरत विचारलं होतं, की रंगीत कपडे म्हणून मला आईचेच घालाल का?

दोन्या बासिलियाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं. "हौस आहे ना? मग चढवू की. मेलेल्याचं कापड काही चावत नाही."

वेण्या घेऊन आली त्या संध्याकाळी ग्लाडिस आरशासमोर उभी राहिली. वेण्या पिनांनी कशाबशा बसल्या. हॅट मात्र बसेना. ठेवली की पुढे यायची, मागे सारली की खांद्यावरून खाली. एकदा तर ती गडगडत पलंगाखाली गेली आणि ग्लाडिसला ती झाडूने काढावी लागली. कॉफीच्या रंगाची, जुनी, कडेला हात लागून लागून गुळगुळीत झालेली हॅट. आईच्या डोक्यावर ती अशी असायची जणू तिथेच उगवलीय. वाऱ्यात, बसमध्ये, पोतं उचलतानासुद्धा ती हलल्याचं ग्लाडिसला आठवत नव्हतं.

शेवटी तिने शिवणाचा डबा काढला. शाळेत पहिलीतल्या मुलांचे नाच असत, तेव्हा मुलांच्या हॅटना इलॅस्टिक लावायचं काम दर वर्षी तिच्याकडेच असे. तसंच काळं इलॅस्टिक तिने आईच्या हॅटला आतून शिवलं आणि केसांमागून घेतलं. मान झटकली, हॅट जागची हलली नाही. आपल्याला आधी कसं सुचलं नाही, असं वाटून तिला बरं वाटलं आणि झोपही चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, कबरीवर फुलं झाली, आणि मंडळी दोन्या बासिलियाच्या अंगणात जमली. टेबलावर सातुर्निनाचा फोटो, पुढे तिच्या आवडीचं सुक्या बटाट्यांचं सूप. बिअरचा पहिला घोट धरतीमातेला वाहून झाल्यावर बायकांनी कोपऱ्यात एक घोंगडी आडवी धरली आणि ग्लाडिसला तिच्या आड नेलं.

"हात वर कर. हां. अगं, किती हडकुळी तू. शाळेत जेवायला देत नाहीत का?"

काळा स्वेटर गेला, काळा स्कर्ट गेला. एकीवर एक परकर चढले, त्यावर हिरवी पोयेरा. ती कमरेवर इतकी जड बसली की ग्लाडिसचे पाय आपोआप फाकले. दोन्या बासिलियाने शाल खांद्यावर टाकून पिन लावली, चार बोटं मागे सारली, पुन्हा लावली. तिचे हात बटाट्याच्या मातीने कायमचे तपकिरी झालेले होते. कितीतरी वर्षांत ग्लाडिसला कोणी असं हाताने कपडे घातले नव्हते. तिला रडू येईल असं वाटलं आणि तिने खाली पाहिलं.

"आता हॅट."

"मावशी, ती मी घालते."

"तू कशाला? घालायचं काम माझं." दोन्या बासिलियाने हॅट उचलली, आत बोटं घातली आणि थांबली. "हे काय आहे?"

तिची नात दाएना घोंगडीचं टोक धरून उभी होती. ती कॉलेजात शिकायची, आणि तिची फिरोजी पोयेरा, नखाएवढी हॅट आणि कमरेखाली पोचलेल्या खऱ्या वेण्या सगळ्या अंगणात उठून दिसत होत्या. तिने वाकून पाहिलं.

"आजी, इलॅस्टिक! बालवाडीतल्या पोरांसारखं इलॅस्टिक लावलंय यांनी."

घोंगडी धरणाऱ्या बायका हसल्या. एकीच्या हातून घोंगडीच सुटली, आणि अंगणातल्या सगळ्यांना ग्लाडिस दिसली: वेण्या एक वर एक खाली, मान आखडलेली, आणि दोन्या बासिलियाच्या हातात इलॅस्टिकला लोंबकळणारी हॅट.

"ट्रान्सफॉर्मर," कोणीतरी पुटपुटलं. त्या शहरात हा शब्द जुनाच आहे. कार्टूनमधलं ते खेळणं असतं ना, आत्ता गाडी, आत्ता माणूस, तशी सणापुरती पोयेरा घालून सोमवारी पुन्हा स्कर्टमध्ये दिसणारी बाई.

"ज्याने त्याने आपलं तोंड सांभाळावं," दोन्या बासिलिया म्हणाली. तिने इलॅस्टिक दातांनी तोडलं आणि हॅट ग्लाडिसच्या डोक्यावर ठेवली. "हॅट बांधून ठेवायला ती काय बकरी आहे? मान सरळ. आता नाच."

कागदाचे रंगीत तुकडे डोक्यावर पडले, गाणं लागलं. दुखवटा उतरला की नाचावंच लागतं, त्यातून सुटका नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. दोन्या बासिलियाचं अंगण खरोखरच उताराचं होतं, पण दोष त्याला देता येत नव्हता. इतर बायका गिरक्या घेत होत्या, पोयेरा छत्रीसारख्या फुलत होत्या आणि हॅट जागच्या जागी. ग्लाडिसने पहिलं पाऊल टाकलं आणि तिचा हात आपोआप हॅटवर गेला. दुसऱ्या पावलालाही तो तिथेच राहिला.

"टॅक्सी थांबवताय का, सेन्योरिता?" कांद्याच्या गोण्या वाहणारा तेओफिलो म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

ग्लाडिसही हसली. हसणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे तिला कळत होतं. तिने हात खाली घेतला, आणि गिरकीत हॅट उडून सुपाच्या पातेल्याशी जाऊन पडली. तिची मात्र गिरकी अर्धीच राहिली.

ती येऊन फोटोजवळच्या बाकावर बसली. हॅट मांडीवर घेतली. थोड्या वेळाने दोन्या बासिलिया दोन ग्लास घेऊन आली आणि धापा टाकत शेजारी बसली.

"मनाला लावून घेऊ नकोस. प्यायलेत सगळे."

"मावशी, मला येतच नाही. काल आरशासमोर आठवत होते, आई कशी चालायची. आठवेना."

"असं कसं? जन्म गेला तुझा तिच्याबरोबर."

"ती मागून यायची," ग्लाडिस म्हणाली.

दोन्या बासिलियाने ग्लास खाली ठेवला.

"शाळेत सोडायला यायची ना, ती दहा पावलं मागून. मला सांगायची, मागे वळून बघायचं नाही. पोरींना कळता कामा नये. एकदा बाईंनी तिला विचारलं, मुलीची आई का नाही आली? तर म्हणाली, मालकीणबाईंना बरं नाहीये. मी तिथेच उभी होते." ग्लाडिसने हॅटची कड चाचपली. "मोठा रस्ता आला की मला भीती वाटायची. मग मी वाकून मोजे नीट करायचे. ती जवळ येईपर्यंत करत बसायचे. मग दोघी रस्ता ओलांडायचो, आणि पलीकडे गेलं की ती पुन्हा मागे राहायची. नंतर नोकरी लागली तरी सवय तीच. बाजारातून घरी येतानासुद्धा मी पुढे."

गाणं बदललं. दोन्या बासिलियाने तिच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

"हे काही शिकवत नाहीत, पोरी," ती म्हणाली. "आई पुढे चालते. लेक मागून बघते. तसंच येतं."

एवढ्यात दाएना समोर येऊन उभी राहिली. आपलं मघाचं बोलणं तिला खुपत असावं. "रागावलात का मावशी? हॅट खरं तर मस्त आहे. अशी कड आता मिळत नाही. बघू जरा?"

ग्लाडिसने हॅट दिली. दाएनाने स्वतःची काढून आजीच्या मांडीत टाकली, सातुर्निनाची हॅट डोक्यावर नुसती टेकवली आणि नळावर हात धुवायला म्हणून चालू लागली. तिने हॅटला पुन्हा हात लावला नाही. दोन वेण्यांच्या वर ती कॉफीच्या रंगाची हॅट अंगणाच्या उतारावरून संथपणे निघाली, पावलाबरोबर जराशी डुलत, पोयेरा एका बाजूला गेली की ती दुसऱ्या बाजूला.

ग्लाडिस बघत राहिली. आईची हॅट पाठमोरी चालताना ती पहिल्यांदाच बघत होती. तिने हातातला ग्लास बाकावर ठेवला.

"दिसली?" दोन्या बासिलियाने हळूच विचारलं.

"दिसली."

"अशीच चालायची ती. जरा जास्त ठसक्यात."

दाएना परत आली तेव्हा आजूबाजूच्या दोघीतिघींनी कौतुकाने मान हलवली. ज्याचं त्याला शोभतं, हे कोणी बोललं नाही, पण ते सगळ्यांच्याच तोंडावर होतं. ठेव तुलाच, असं ग्लाडिसच्या ओठांवर आलं. शहाण्या बाईने तेच म्हटलं असतं. पण तिने हात पुढे केला. दाएनाने हॅट काढून परत दिली.

उन्हं कलली तशी मंडळी उठली. पातेली घासली गेली, खुर्च्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. बायकांनी ग्लाडिसला मिठ्या मारल्या, आता काळजी सोड म्हणाल्या. तेओफिलोनेही हात मिळवला.

"या कधी बाजारात, सेन्योरिता," तो अगदी मनापासून म्हणाला.

"कपडे बदलून जातेस ना?" दोन्या बासिलियाने विचारलं. "तुझा स्कर्ट, स्वेटर आहे आत. थंडी वाजेल."

"नको. अशीच जाते."

"बरं." म्हातारीने तिची शाल पुन्हा एकदा नीट केली. "बटाटे लागले तर ये गं."

ग्लाडिस उतारावरून एकटीच निघाली. वारा सुटला होता. डोक्यावरून केबल कारचे डबे दिवे लावून जात होते. तिने हॅट डोक्यावर ठेवली आणि हात खाली घेतला. पहिल्या वळणावर एक मुलगा हसला, दुकानाच्या काचेत तिला स्वतःचं रूप दिसलं: एक वेणी लांब, एक आखूड, आणि वर कोणी तरी विसरून गेल्यासारखी ती हॅट. चांगलं काही दिसत नव्हतं. ती काचेसमोरून पुढे गेली.

खाली मोठा रस्ता लागला. मिनीबस एकामागून एक जात होत्या. ग्लाडिस कडेला थांबली आणि सवयीने वाकायला गेली. पण वाकलं तर हॅट पडली असती. म्हणून ती मान सरळ ठेवून तशीच उभी राहिली. सिग्नल मिळाला, आजूबाजूची माणसं रस्ता ओलांडून गेली. मागून कोणी यायचं नव्हतं हे तिला ठाऊक होतं, तरी आणखी थोडा वेळ ती तिथेच थांबली.